पहिल्या रविवारची वही: एकटीच्या पगारात वाढत्या मुलांचं घर

फेब्रुवारी २०२०. मिस्टरांच्या तेराव्याचं जेवण आटोपल्यावर एका ज्येष्ठ नातेवाइकांनी माझ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता घरचा कर्ता तूच हं, बाळा." तो नऊ वर्षांचा होता. रात्री अंथरुणात त्यानं मला विचारलं, "मम्मी, कर्ता म्हणजे मी काय करायचं?" मी म्हटलं, "काही नाही. शाळेला जायचं, ग्राउंडवर जायचं. कर्ती मी आहे." त्याला ते पटलं आणि तो झोपला. मी मात्र छताकडे बघत पडून राहिले.

आज थोरली बारावी सायन्सला आहे, धाकटा नववीत. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मिस्टर कुपवाडच्या एमआयडीसीत फिटर होते. माझ्यासारख्या एका पगारावर, एकट्यानं किंवा एकटीनं वयात आलेली मुलं सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. सगळ्यात आधी एकच सांगते, बाकी सगळं त्याच्याच पोटात येतं: मुलांपासून आकडे लपवू नका, आणि आकड्यांमागची भीती त्यांच्या अंगावर टाकू नका. पगार किती आणि खर्च किती हे चौदा वर्षांच्या मुलाला कळायलाच हवं. ‘आपलं कसं होणार’ ही काळजी मात्र आपली. ती मी माझ्या बहिणीजवळ बोलते.

आधी कागद, मग बजेट

खर्चाला कात्री लावण्याआधी आपल्या हक्काचं काय काय आहे ते बघून घ्या. नवरा किंवा बायको नोकरीत असताना गेली असेल आणि पीएफ कापला जात असेल, तर तीन वेगवेगळे दावे असतात: पीएफच्या रकमेसाठी फॉर्म २०, कुटुंब पेन्शनसाठी १०-डी आणि पीएफसोबत असणाऱ्या विम्यासाठी ५-आयएफ. पहिला सगळे भरतात, बाकीचे दोन राहून जातात. मला एकानं सांगितलं होतं, "दहा वर्षं नोकरी झाली नाही ना, मग पेन्शन बसत नाही." दहा वर्षांची अट स्वतःच्या निवृत्तीच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पेन्शन फंडात एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी कुटुंबाला पेन्शन मिळते. शिवाय दोन मुलांना, प्रत्येकी विधवा पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत. आमची मला २,६०० आणि मुलांना ६५० प्रमाणे, असे महिन्याला ३,९०० रुपये येतात. विम्याची रक्कम पगार आणि नोकरीवर ठरते, आता ती जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत जाते. आमच्या वाट्याला आली त्यातून मी घराचं उरलेलं कर्ज फेडलं. त्या वेळी बऱ्याच जणांनी "फिक्सला टाक" म्हणून सांगितलं होतं. पण डोक्यावरचं छप्पर मोकळं झालं आणि महिन्याचा हप्ता गेला, म्हणून पुढचं सगळं जमलं.

घर त्यांच्या नावावर होतं. मृत्युपत्र नव्हतं. अशा वेळी हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलं आणि नवऱ्याची आई हे सगळे सारख्या हिश्श्याचे वारस असतात. म्हणजे आमच्याकडे चार हिस्से झाले, त्यात एक सासूबाईंचा. त्या तासगाव तालुक्यात गावी असतात. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं आणि वारस नोंद चौघांच्या नावानं करून घेतली. हे बोलणं टाळू नका. दोन वर्षांनी काढलं की त्याचा वेगळाच अर्थ निघतो. अल्पवयीन मुलांचा हिस्सा विकायचा झाला तर कोर्टाची परवानगी लागते, हेही आधीच माहीत असू द्या, म्हणजे ‘घर विकून भागवू’ या भरवशावर कुणी राहणार नाही.

आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. आमच्या दोघांना मिळतं. पण हे पैसे मी महिन्याच्या हिशोबात धरतच नाही. जे पैसे ठरल्या तारखेला येतील याची खात्री नाही, त्यांच्यावर दुधाचं बिल ठेवायचं नाही. ते आले की सरळ मुलांच्या पुढच्या शिक्षणाच्या खात्यात जातात. घटस्फोटित मैत्रिणींना पोटगीबद्दलही मी हेच सांगते.

दोनशेपानी वही

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नाश्ता झाला की आम्ही तिघं जमिनीवर बसतो. दोनशेपानी वही, कॅल्क्युलेटर आणि मागच्या महिन्याच्या पावत्यांचा डबा. लिहायचं काम थोरलीकडे, बेरीज धाकट्याकडे. सुरुवातीला मी मोबाइलमध्ये ॲप घेऊन बघितलं. त्यात फक्त मला दिसायचं. वही तिघांच्या मध्ये उघडी पडलेली असते, त्यामुळे बोलणं होतं.

माझा पगार हातात २४,००० आणि पेन्शन ३,९००, म्हणजे २७,९००. आमचं पान साधारण असं असतं: किराणा आणि तेल ६,०००, दूध १,७५०, भाजी-अंडी-फळं ३,२००, गॅस-लाइट-पाणी २,०००, दोघांच्या शिकवण्या ५,०००, पेट्रोल १,५००, मोबाइल आणि वायफाय ९००, मुलांचा हातखर्च १,०००, औषधपाणी ७००, आरोग्य विम्यासाठी बाजूला १,३००, वार्षिक डबा २,५००, पोस्टातली आरडी २,०००. बेरीज २७,८५०. पन्नास रुपये राहतात.

किराण्याच्या यादीत ‘पॅड’ साबणाच्या खाली लिहिलेलं असतं आणि यादी धाकटा मोठ्यानं वाचतो. मुलीला दर महिन्याला माझ्यापुढे हात पसरावा लागत नाही आणि मुलाला त्यात काही लपवण्यासारखं वाटत नाही. त्याच यादीत आता त्याचं रेझर आलंय.

वार्षिक डब्याबद्दल थोडं सविस्तर, कारण एकट्या पगाराचं घर महिन्याच्या खर्चानं बुडत नाही, वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चानं बुडतं. पहिल्या वर्षी जूनमध्ये शाळेची फी आली आणि मला बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या. त्या सुटेपर्यंत दिवाळी आली. मग मी एका पानावर वर्षभराचे सगळे ‘अचानक’ खर्च लिहून काढले: फी, वह्या-पुस्तकं ९,०००, धान्य आणि चटणीची बेगमी ८,०००, दिवाळीचे कपडे ६,०००, लग्नाकार्याचे आहेर ३,०००, घरपट्टी-पाणीपट्टी २,६००, गाडीचा विमा १,४००. बरोबर ३०,०००. यातला एकही खर्च अचानक नाही, सगळ्यांचा महिना आधीच ठरलेला आहे. भागिले बारा, महिन्याला २,५००. हे पैसे वेगळ्या बचत खात्यात जातात आणि त्याचं एटीएम कार्ड मी काढलेलंच नाही.

चटणी करायची तर आमच्याकडे एप्रिलमध्येच. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची सांगलीच्या बाजारातून आणायची, देठं काढून गच्चीवर वाळवायची, कांदा-लसूण-धणे-खोबरं भाजून डंकावर कांडून आणायचं. देठं काढायला मुलं बसतात, हाताची आग होते म्हणून खोबरेल लावून. वर्षभर घरात चटणी असली की दोन भाकरी आणि दह्यात कुणाचंही जेवण होतं, आणि महिनाअखेरीला बाहेरून मागवायची वेळ येत नाही. शाळू सासूबाई पाठवतात. आणायला मीच एसटीनं जाते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, ते अशा खेपांना फार उपयोगी पडतं.

खर्चाची एक तरी बाजू मुलांच्या हातात द्या

वाढत्या मुलांना ‘लाइट बंद कर’ हे दिवसातून दहा वेळा सांगून काही होत नाही. मी मीटर धाकट्याकडे दिला. एक तारखेला आणि पंधरा तारखेला तो मीटरचा फोटो काढतो आणि वहीत युनिट लिहितो. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, १०१ ते ३०० च्या टप्प्यात तो दुपटीहून जास्त होतो. पुष्कळांना वाटतं की १०१ वं युनिट पडलं की सगळ्याच बिलाला वरचा दर लागतो. तसं नाही, वरच्या युनिटांनाच लागतो. पण १३० युनिट झाले तर ते वरचे ३० फार महाग पडतात. हे त्यानं स्वतः बिल घेऊन गणित करून काढलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गिझरचं बटण कोण बंद करतंय यावर त्याचीच नजर असते.

भाजीही त्याच्याकडे आहे. आठवड्याला ८०० रुपये, त्यात भाजी, अंड्यांचा एक ट्रे आणि जमेल ते फळ. पहिले तीन आठवडे त्यानं नुसते बटाटे आणि कांदे आणले. मी काही बोलले नाही, बटाट्याच्या भाज्या केल्या. चौथ्या आठवड्यात थोरलीच कंटाळून म्हणाली, "अरे, काहीतरी हिरवं आण की." मग नियम झाला: दोन पालेभाज्या, दोन फळभाज्या, बाकी त्याची मर्जी. आता तो बाजारात सातनंतर जातो, कारण बाजार उठायच्या वेळी कोथिंबिरीची जुडी दहाला दोन होते. वाचलेल्या पैशातले निम्मे त्याचे, निम्मे डब्यात. एकदा पिशवीत तळाशी टोमॅटो आणि वर भोपळा असं घरी आलं. ती पिशवी त्यानंच धुतली, आणि त्या रात्री टोमॅटोचं सार झालं. पुन्हा तसं झालं नाही.

हातखर्च थोरलीला ६००, त्याला ४००. रक्कम थोडी असली तरी ती वेळेवर आणि न मागता मिळाली पाहिजे. मी एक तारखेला निम्मी आणि सोळा तारखेला निम्मी देते, कारण एकदम दिले की धाकट्याचे पाच तारखेला संपत आणि मग उसनवारी सुरू होई. हिशोब मागत नाही. कशावर खर्च केले हे विचारायला लागलो की मुलं खोटं बोलायला शिकतात. दहा वर्षांपुढच्या मुलाला बँकेत स्वतः चालवता येईल असं बचत खातं उघडता येतं. दोघांची उघडली आहेत, आणि पासबुक भरून आणायला तीच जातात.

‘नाही’च्या जागी ‘कधी’

धाकटा फुटबॉल खेळतो. गेल्या वर्षी त्याला ४,५०० चे बूट हवे होते. टीममधल्या दोघांकडे तसे होते. मी दमून आलेली होते आणि तोंडावर आलं होतं, "आपल्याला परवडत नाही, तुला कळत नाही का?" हे वाक्य मी गिळलं. ते खरं आहे, पण त्यानं मुलाला आपलं मागणंच गुन्हा वाटायला लागतं. मी म्हटलं, "रविवारी वहीत बघू."

रविवारी तो वही घेऊन बसला. "मम्मी, डब्यातून घेतले तर?"

"डब्यातले कशाचे कमी करायचे ते तू सांग."

त्यानं पान वरून खाली वाचलं. फी, धान्य, आहेर. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दिवाळीच्या कपड्यातले माझे दोन हजार घेतले तर? मला कपडे नकोत." आणि भाजीतून वाचलेले त्याच्याकडे ३४० होते. २,३४० मध्ये सांगलीत दोन दुकानं फिरून त्यानं २,१०० चे बूट घेतले, उरलेल्या पैशात मोजे. दिवाळीत त्यानं जुना शर्ट इस्त्री करून घातला. बहिणीनं तिच्या हातखर्चातून त्याला एक टी-शर्ट आणला, ते मला पाडव्याला कळलं.

काही मागण्या वहीत आल्यावर आपोआप गळतात, काही टिकतात. टिकल्या त्या खऱ्या समजायच्या.

मुलीला आई करू नका, मुलाला बाप करू नका

नातेवाईक प्रेमानंच म्हणतात, पण सतत म्हणतात: पोरगी मोठी आहे, आता घर तिनंच बघायला हवं. दहावीच्या वर्षी माझ्या लक्षात आलं की मी लॅबमधून येईपर्यंत थोरली भात लावून, भावाचा डबा घासून, कपडे वाळत घालून बसलेली असते आणि पुस्तक बंदच. तिनं तक्रार केली नव्हती, हेच मला जास्त लागलं. त्या दिवसापासून कामांची वाटणी फ्रीजवर लावली. कुकर आणि केर धाकट्याचा, कपडे थोरलीचे, भांडी एक दिवसाआड. भाकरी आणि भाजी मी आल्यावर करते. तिची बारावीची परीक्षा होईपर्यंत कपडेही माझ्याकडे आहेत. कामं दोघांनी करायचीच, पण घर चालतंय की नाही याचं ओझं त्यांनी वाहायचं नाही.

मुलाशी वयात येण्याबद्दल बोलायला बाप नाही, म्हणून ते राहून जायला नको. मी माझ्या भावाला स्पष्ट सांगितलं की हे तुझं काम आहे, दर दोन महिन्यांनी त्याला एक दिवस घेऊन जा. मामा-भाचे मिरजेहून पन्हाळ्याला गाडीवर जातात. काय बोलतात ते मी विचारत नाही. आणि थोडं मीही बोलले, लॅबमधलं पुस्तक समोर ठेवून. त्यानं मान खाली घालून ऐकलं, पण ऐकलं.

रात्रीचं जेवण साडेआठला, तिघांचं एकत्र, फोन टीव्हीच्या कपाटावर. कधी कुणी बोलत नाही, थोरली तर परीक्षेच्या दिवसांत एक शब्द काढत नाही. तरी बसायचं. तिला सांगावंसं वाटतं तेव्हा जागा तयार असते. तिच्या बाबांचा दिवस असतो त्या दिवशी त्यांच्या आवडीची शेंगदाण्याची आमटी होते, आणि ज्याला रडायचंय त्यानं ताटावर रडलं तरी चालतं.

मुलीच्या पुढच्या शिक्षणाची तयारी आत्ताच करा. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर ही कागदं निकालानंतर काढायला गेलात तर धावपळीत दिवस जातात. मी दाखल्यांचे अर्ज दिवाळीच्या सुट्टीतच करून ठेवले. माफी शुल्काची आहे, होस्टेल आणि मेसचे पैसे लागतातच, म्हणून बालसंगोपनाचे पैसे त्यासाठी. ऑक्टोबरात ती अठराची होईल, तिचे २,२५० बंद होतील. हे वहीत तिनं स्वतःच पुढच्या पानावर लिहून ठेवलंय.

लाल फाइल

२०२३ च्या पावसाळ्यात मला डेंगी झाला आणि चार दिवस ॲडमिट होते. घरी मुलांना विम्याचं कार्ड कुठे आहे माहीत नव्हतं, गॅसचा नंबर कसा लावतात माहीत नव्हतं, हातात रोख दीडशे रुपये. माझी बहीण इचलकरंजीहून रात्री साडेदहाला पोचली. सलाइन लावलेल्या हातानं मी फोनवर थोरलीला कपाटाचा तिसरा कप्पा समजावत होते. घरी आल्यावर पहिलं काम लाल फाइलचं केलं.

तिच्यात आरोग्य विम्याचं कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, बँक खात्यांची यादी, घराचे कागद कुठे आहेत त्याची चिठ्ठी, आणि पाकिटात रोख ३,०००. यादी करताना दिसलं की माझ्या दोन खात्यांवर नॉमिनी म्हणून अजून मिस्टरांचंच नाव होतं. तुमचंही आजच बघा. अल्पवयीन मुलाला नॉमिनी केलं तर त्याच्या वतीनं पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नावही द्यावं लागतं. मी बहिणीचं दिलं. बँकेतूनच दोन स्वस्त विमे घेतले: जीवन ज्योती, वर्षाला ४३६ रुपये, आणि सुरक्षा बीमा, वर्षाला २० रुपये. दोन्हींत २ लाखांचं संरक्षण आहे, पहिलं कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर, दुसरं अपघाताचं. ते पैसे मे महिन्यात खात्यातून आपोआप जातात, तेवढी शिल्लक ठेवायची.

आणि मृत्युपत्र केलं. कोऱ्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. त्यात माझ्यानंतर मुलं सज्ञान होईपर्यंत पालक म्हणून बहिणीचं नाव लिहिलं. विधवा आईला मृत्युपत्रानं मुलांचा पालक नेमता येतो. मुलांना हे सांगताना मी घाबरले होते. थोरली म्हणाली, "बरं झालं, मावशीच ना?" आणि पुढच्या कामाला लागली.

फायलीच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहायचं काम धाकट्याकडे होतं. स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलेत: मावशी, मामा, डॉक्टर, लॅब. पहिल्या रविवारी वही मिटली की तो ती फाइल खाली काढतो, पाकिटातले तीन हजार मोजतो आणि पुन्हा तिसऱ्या कप्प्यात ठेवतो.